परत जायचा परवाना

नवी पेठेतल्या चनमल्लप्पांच्या कापडदुकानात एक गादी होती, आणि त्या गादीवर चनमल्लप्पा बसत नव्हते. कुणी मनाई केली होती असं नाही. अमेरिकेहून आले त्याच दिवशी धाकटा भाऊ संगप्पा म्हणाला होता, "अण्णा, तुम्ही आता काय, परत जाणार. कशाला त्रास घेता?" त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून चनमल्लप्पा त्रास घेत नव्हते. रोज सकाळी लिंगपूजा आटोपून, कोट-टोपी चढवून ते दुकानात जात आणि गिऱ्हाइकांच्या बैठकीच्या कडेला भिंतीला टेकून बसत. नवखं गिऱ्हाईक त्यांना गिऱ्हाईकच समजे आणि "तुमचं झालं का घेऊन?" असं विचारून जागा मागे.

त्यांची बायको पार्वतम्मा हे सगळं जाणून होती. पण ती त्यावर काही बोलत नसे, कारण तिची अडचण बरोबर उलटी होती. तिला परत जायचं होतं.

मोठा मुलगा शिवपुत्र क्लीव्हलंडला इंजिनियर होता. तिकडचा नागरिक झाल्यावर त्र्याहत्तर साली त्याने आईवडिलांना कायमचं बोलावून घेतलं. दोघांना कायमच्या रहिवाशाची कार्डं मिळाली. दोन वर्षं राहून धाकट्या मुलीच्या लग्नासाठी दोघं सोलापूरला आले. निघण्याआधी शिवपुत्राने त्यांना एका कचेरीत नेलं, फोटो दिले, सह्या घेतल्या आणि परत येण्याचा परवाना काढून दिला. फार दिवस बाहेर राहायचं असेल तर हा परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज तिथून पाय काढण्याआधीच करावा लागतो, हे त्याने बापाला समजावलं. बापाने मान हलवली आणि समजून घेण्याचं काम आईवर सोडलं.

सोलापुरात आल्यावर समजावून सांगण्याचं कामही पार्वतम्मावरच आलं. शेजारच्या मल्लव्वाला तर ते काही केल्या पटेना.

"कायमचं राहायचं कार्ड दिलंय ना? मग परत यायला परवाना कशाला?"

"जास्त दिवस बाहेर राहिलं की त्यांना वाटतं, ही कसली कायमची, ही गेली. म्हणून आधीच कळवून ठेवायचं, की मी जातेय, पण गेलेली नाही."

मल्लव्वाने थोडा विचार केला. "म्हणजे सून बाळंतपणाला माहेरी जाते तसं."

पार्वतम्माला वाटलं, शिवपुत्रालासुद्धा हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

परवान्याची मुदत एक वर्षाची. ती एकदा वाढवून मिळते, तशी ती मिळूनही गेली होती. आता ज्येष्ठ लागताच ती संपणार होती आणि पुन्हा वाढणार नव्हती. दोन वर्षांत चनमल्लप्पांनी जाणं किती प्रकारे पुढं ढकललं हे पार्वतम्माने पाहिलं होतं. आधी मुलीचं लग्न, मग तिचे सणवार, मग त्यांची दाढ. दाढ तर काढून झाली तरी ते तिच्या जागेकडे बोट दाखवत.

पार्वतम्मा घाई करत नसे. पण माघात शिवपुत्राकडून एक कॅसेट आली. क्लीव्हलंडची नात चन्नम्मा, जिला चनमल्लप्पांच्या आईचं नाव दिलं होतं, ती तीन वर्षांची असताना आजीशी कानडीतून कडकडून भांडायची. कॅसेटवर तिने इंग्रजी गाणं म्हटलं. शेवटी बाप म्हणाला, अज्जीला काहीतरी सांग. त्यावर नातीने विचारलं, कोण? पार्वतम्माने ती कॅसेट एकदाच ऐकली आणि शिवपुत्राला तिकिटं पाठवायला लिहिलं.

तिकिटं आल्यावर चनमल्लप्पांनी हिरेमठ स्वामींना बोलावलं. इतका लांबचा प्रवास मुहूर्त बघितल्याशिवाय कसा करायचा, असं ते म्हणाले. या माणसाने क्लीव्हलंडहून निघताना पंचांगाची आठवणही काढली नव्हती, हे पार्वतम्माच्या लक्षात होतं. तिने पाट मांडला, दूध दिलं आणि दाराशी बसून राहिली.

"पश्चिमेचा प्रवास ना?" स्वामींनी पंचांगातून डोकं वर न काढता विचारलं.

"पश्चिमेचाच," चनमल्लप्पा म्हणाले.

"येत्या गुरुवारी सकाळी एक घटका बरी आहे. त्यानंतर ज्येष्ठ निम्मा होईपर्यंत पश्चिमेला योग नाही."

"गुरुवारी विमान नाही. काय करणार." चनमल्लप्पांनी हे दुःखाने म्हटलं, पण त्यांचा हात दुधाच्या पेल्याकडे मोकळेपणाने गेला.

"पूर्वेकडून गेलं तर?" पार्वतम्माने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. क्लीव्हलंडला नातीकडे पृथ्वीचा गोळा होता आणि पार्वतम्माने त्यावर सुतळी धरून पाहिली होती. क्लीव्हलंड सोलापूरच्या जवळजवळ पाठीमागे येतं. इकडून जा नाहीतर तिकडून, फरक थोडाच पडतो.

"पूर्वेला दोष नाही," स्वामी म्हणाले.

"तिकीट पश्चिमेचं आहे," चनमल्लप्पा घाईने म्हणाले. "विमानवाले पंचांग बघून फिरत नाहीत."

"मग गुरुवारी प्रस्थान ठेवा," स्वामींनी पंचांग मिटलं. "गाठोडं मुहूर्तावर घराबाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला. मग देह सवडीने जाऊ दे."

चनमल्लप्पांनी हा मार्ग हिशेबात धरला नव्हता. त्यांनी पेला खाली ठेवला. "प्रस्थान टिकतं किती दिवस?"

"राजाला दहा, मांडलिकाला सात, बाकीच्यांना पाच."

"आमची गाडी त्याच्याही पुढं आहे."

"पाचव्या दिवशी नवी सुपारी ठेवायची. मुदत वाढते."

"किती वेळा?" पार्वतम्माने विचारलं.

"एकदा."

तिचं समाधान झालं. अमेरिकेचं सरकारही याच हिशेबाने चालत होतं.

गाठोड्यात काय ठेवायचं, तर ज्याच्यावाचून प्रवास अडेल ते, असं स्वामींनी सांगितलं होतं. पासपोर्ट हरवला तर दुसरा निघतो. परवान्याचं तसं नव्हतं. म्हणून पार्वतम्माने नव्या पांढऱ्या फडक्यात तांदूळ, नारळ, सुपारी, एक कोरं धोतर आणि परवान्यांचं पाकीट बांधलं आणि वर हळदकुंकवाची बोटं लावली. प्रश्न उरला, ठेवायचं कुणाकडे. मल्लव्वाचं घर जवळ होतं, पण मल्लव्वाला बंद वस्तू बघवत नसे.

"दुकानात ठेवू," चनमल्लप्पा म्हणाले.

"प्रस्थान परक्याच्या जागेत ठेवतात," स्वामी म्हणाले. "दुकान तुमचंच ना?"

चनमल्लप्पा काही बोलायच्या आत दाराशी येऊन उभा राहिलेला संगप्पा म्हणाला, "हल्ली मीच बघतो की सगळं."

तो हे सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. स्वामींनी एकदा या भावाकडे पाहिलं, एकदा त्या भावाकडे, आणि निकाल दिला, "मग चालेल."

त्या दुपारी चनमल्लप्पा जेवायला आले ते भाकरी अर्धी टाकून उठले.

पाचव्या दिवशी पार्वतम्मा नवी सुपारी घेऊन नवऱ्याबरोबर दुकानात गेली. लग्नसराई होती. बैठकीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गादीच्या मागे, जिथे गिऱ्हाइकं आपली बोचकी विश्वासाने ठेवून भांड्यांच्या नाहीतर सोन्याच्या खरेदीला जात, त्या फळीवर गुरुवारी गाठोडं ठेवलं होतं. फळी मोकळी होती.

"संगप्पा, इथलं गाठोडं?"

"कुठलं, वैनी? पांढऱ्या फडक्यातलं, हळदकुंकू लावलेलं?" संगप्पाचं कापड फाडणं थांबलं नाही. "ते काल बस्त्याबरोबर बांधून दिलं की. ते सांगोल्याकडचे, श्रीमंत म्हणून, आपलं जुनं गिऱ्हाईक, मुलाच्या लग्नासाठी मंडळी घेऊन आले होते. बस्ता पुजला, बांधला, तेवढं एक मागे राहात होतं, मीच आठवणीने घालून दिलं."

"ते आमचं प्रस्थान होतं."

संगप्पाने हातातलं कापड खाली ठेवलं. "हळदकुंकू लावलेलं गाठोडं, वैनी, लग्नसराईत, कापडाच्या दुकानात. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. पार्वतम्मा नवऱ्याकडे वळली. 

"मी नाही केलं," चनमल्लप्पा म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू बघतेस ना तशी."

"मी नेहमी अशीच बघते, री." घरात काय आणि दुकानात काय, नवऱ्याला ती कानडीतूनच हाक मारी.

चनमल्लप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. मुंबईची गाडी परवा संध्याकाळची होती आणि आज दुपारी एक सांगोल्याची एस.टी. होती. हे त्यांनीच सांगितलं, कुणी न विचारता. "चल," ते म्हणाले, आणि तिच्यापुढे चालू लागले. इतक्या भरभर चालताना तिने त्यांना अमेरिकेतही पाहिलं नव्हतं, जिथं थंडीमुळे सगळेच भरभर चालतात.

श्रीमंतांची वस्ती गावापासून लांब, माळावर होती. लग्नाला निघालेल्या एका बैलगाडीने दोघांना तिथवर नेलं. बाभळीच्या सावलीत मेंढरं कोंडून घातली होती, आणि घरापुढे मांडव घालायचं चाललं होतं. श्रीमंतांनी चनमल्लप्पांना पाहिलं आणि हातातला बांबू टाकून दिला.

"आलं का शेठ. राजाबाई, ए राजाबाई, शेठ आलं बग. म्हनलं नव्हतं मी?"

राजाबाई, नवऱ्या मुलाची आई, हात पुसत बाहेर आली. तिने दोघांना निरखून पाहिलं आणि पार्वतम्माला म्हणाली, "फोटूपरीस बऱ्या दिसताय की."

पार्वतम्मा पुढं झाली. "कुठला फोटो?"

राजाबाई तिला हाताला धरून आत घेऊन गेली. देवापुढे बस्ता मांडला होता. शालू, खण, धोतरं, पटके, सगळं रचून. त्याच्या शेजारी बिरोबाच्या टाकाला टेकवून अमेरिकेच्या सरकारचे दोन परवाने उभे केले होते, एकावर चनमल्लप्पांचा फोटो, दुसऱ्यावर पार्वतम्माचा. दोघांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. चनमल्लप्पांच्या फोटोला कुंकू जरा जास्तच झालं होतं, ते नाकापर्यंत आलं होतं.

"गाठुडं सोडलं, तर नारळ, सुपारी, तांदूळ, धोतर आन तुमा दोघांचं फोटू," राजाबाई सांगत होती. "आमी समजलो, शेठला लग्नाला याला जमत न्हाई, म्हून आशीर्वाद धाडला. कवाचं गिऱ्हाईक हाय आमी. हार मातर घातला न्हाई बरं का. जित्या मानसाच्या फोटूला हार घालू न्हाय, येवढं कळतंय आमास्नी."

"ते आम्हाला लागतात," पार्वतम्मा म्हणाली. "परवा निघायचंय."

"न्या की. उद्या अक्षता पडल्या की न्या."

"आज नाही का मिळणार?"

"बस्त्यासंगं देवाम्होरं ठेवलंय न्हवं? आता कसं उचलायचं?" राजाबाईने हे इतक्या गोडीने सांगितलं की वाद घालायला जागाच राहिली नाही. ज्या नियमाने परवाना घराबाहेर पडला होता, तसल्याच नियमाने तो आता हलणार नव्हता.

बाहेर श्रीमंत चनमल्लप्पांना विचारत होते, "कागूद कसला हाय म्हनायचा ह्यो?"

"परत जायचा परवाना."

"परत कुटं?"

"अमेरिकेला."

"मंजी तितनं हितं आला त्ये परत येनं न्हवं?"

"तेही परतच."

"मग ह्याला न्हाई लागला परवाना?"

 श्रीमंतांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

मग घरात आवाज चढले. नवरीच्या मावशीने तिला काढून ठेवलेली साडी उघडून पाहिली होती आणि ती तशीच घडी घालून परत ठेवली होती. ही असली साडी नेसून मी मांडवात बसायची न्हाय, मी चालले, असं ती भिंतीला सांगत होती. नवऱ्या मुलाकडच्या बायका म्हणत होत्या, जावा की. उद्याच्या लग्नात आज अशी मोठी फट पडत होती.

चनमल्लप्पा उठले. चपला काढून आत गेले आणि बस्त्यापुढे मांडी घालून बसले. "दाखवा बरं ती साडी," ते म्हणाले. त्यांनी साडीचा पदर तळहातावर घेतला आणि उजेडाकडे धरला. खोली हळूहळू गप्प झाली.

"ही कुणी निवडली?"

"धाकट्या शेठनं काढून दिली."

"चुकलं त्याचं," चनमल्लप्पा म्हणाले. "मावशी, तुमच्या वर्णाला हा रंग कोण देईल?" त्यांनी नवऱ्या मुलाच्या आत्याची साडी ओढली आणि ती मावशीपुढे टाकली. आत्या तोंड उघडणार तोच तिच्यापुढे तिसरी आली. "तुम्हाला हा काठ. हा काठ आता येत नाही. माग बंद झाला." मग आणखी दोन साड्यांची अदलाबदल झाली. प्रत्येक बाईशी ते खाली वाकून, दुसरीला ऐकू जाणार नाही अशा बेताने काहीतरी बोलले. पार्वतम्मा जवळच बसली होती. तिला सगळं ऐकू आलं. ते प्रत्येकीला हेच सांगत होते की या बस्त्यात सगळ्यांत बरी साडी तिचीच आहे.

मावशी गेली नाही. उलट तिने चनमल्लप्पांना ताक दिलं.

"दोन लग्नं झाली मधी, शेठ," श्रीमंत म्हणाले. "धाकटं शेठ मानूस चांगला, पर त्ये कापड इकत्यात निस्तं. तुमी बस्ता बांधताय."

क्लीव्हलंडला हाच माणूस दोन वर्षं खिडकीशी बसून होता. मुलाने विचारलं, अप्पा, काय हवं, तर म्हणायचा, काही नको. खरोखरच काही नको असायचं. पार्वतम्माला तेव्हा वाटलं होतं की म्हातारपण आलं. आता ताकाचा पेला हातात धरून लगीनघराला काठ आणि पदर समजावणारा हा माणूस म्हातारा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. पार्वतम्मा मांडवात मायाक्काच्या शेजारी बसली होती. मायाक्का नवऱ्या मुलाची आजी. तिला ऐकू कमी यायचं, पण विचारायचं फार असायचं.

"तकडं काय करता दिसभर?"

"नात आहे. शेजारी एक हंगेरियन म्हातारी आहे. दुपारी दोघी मागच्या पायरीवर मटार सोलतो."

"तिची भाषा येती?"

"नाही. तिला माझी येत नाही."

"मग भांडनं होत नसतील."

"दोन वर्षांत एकदाही नाही."

मायाक्काला हे फारच आवडलं. तिने शेजारच्या बाईला ते ओरडून सांगितलं.

तेवढ्यात राजाबाई आली. तिने पार्वतम्माची खणानारळाने ओटी भरली आणि परवाने देवापासून काढून तिच्या हातात दिले. मायाक्काने ते ओढून डोळ्यांजवळ नेले.

"ह्यो शेठचा. ह्यो तुमचा," ती म्हणाली. "दोन हायत व्हय? मला वाटलं, जोडीला एकच आसल."

पार्वतम्माने परवाने परत घेतले. दोन वर्षं घरात सगळे 'परवाना' असंच म्हणत आले होते. परवाना आला, परवाना वाढवला, परवाना संपतोय. एकच पाकीट, एकच कपाट, एकच माणूस त्याची काळजी नाहीतर टाळाटाळ करणारा. तिला स्वतःलाही तो एकच असल्यासारखा वाटत आला होता. आता तिने दोन्ही निरखून पाहिले. नावं वेगळी होती. सह्या वेगळ्या होत्या. आपल्या परवान्यावरची सही तिने तिथल्या कचेरीत कानडीत केली होती आणि साहेबाने ती कौतुकाने पाहिली होती. कुठंही असं दिसत नव्हतं की एकाने दुसऱ्याबरोबरच गेलं पाहिजे.

एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली. तिने त्यांचा परवाना त्यांच्या कोटाच्या खिशात घातला आणि स्वतःचा पिशवीत.

"मी एकटी जाते," ती म्हणाली.

 मंगळवेढ्याच्या स्टँडवर चनमल्लप्पांनी शेंगा घेतल्या, त्यातल्या अर्ध्या तिला दिल्या.

"तुला इंग्रजी येत नाही."

"तुम्हाला कुठं येत होतं? विमानातली बाई काय विचारायची ते मीच तुम्हाला सांगत होते."

"शिवपुत्र काय म्हणेल?"

"चिडेल. मग कामावर जाईल."

त्यांनी एक शेंग फोडली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, हिची मुदत संपत आली होती."

"आणि माझी नाही का?"

"तुमचीही संपत आलीय," पार्वतम्मा म्हणाली. "पण ती दुकानातली. इथून तुम्ही आता पुन्हा गेलात, तर संगप्पा तुम्हाला गादीवर बसू देईल असं वाटतं? तो वाईट नाही. पण दोन वर्षं तुम्ही भिंतीला टेकून बसलात, त्याने काय समजायचं? उद्या सकाळी जायचं आणि बसायचं. विचारायचं नाही."

"आणि तो काही बोलला तर?"

"त्याला मुंबईपर्यंत मला सोडायला पाठवा. कुणीतरी लागेलच."

चनमल्लप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना हसू येत होतं आणि ते बायकोपासून लपवायचं होतं, पण ती बाजूलाच बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते पार्वतम्माने पाहिलं नाही, ती सामान बांधत होती. मल्लव्वाने पाहिलं, कारण ती मुद्दाम खण घ्यायच्या निमित्ताने गेली होती. तिने सांगितलं ते असं. संगप्पा कुलूप काढून आत गेला आणि देवाला उदबत्ती लावून वळला, तर गादीवर अण्णा. संगप्पा उभाच. मग म्हणाला, "अण्णा, आज संध्याकाळी गाडी ना?" अण्णा म्हणाले, "तुझ्या वैनीची आहे. तिला पोचवायला तू चाललास. बॅग भर." संगप्पा म्हणाला, "आणि तुम्ही?" अण्णा म्हणाले, "मल्लव्वा आलीय, तिला खण दाखवतो." आणि दाखवले, असं मल्लव्वा म्हणाली. चांगले दाखवले. तिला घ्यायचा नव्हता तरी दोन घेऊन आली.

दुपारी हिरेमठ स्वामी आले. गाठोडं सांगोल्यापर्यंत जाऊन आलं हे ऐकून ते चिडतील असं पार्वतम्माला वाटलं होतं. त्यांनी दिशेचा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सांगोला पश्चिमेलाच की," ते म्हणाले. "प्रस्थान स्वतःहून एवढं पुढं गेलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. उत्तम आहे. निघा."

संध्याकाळी स्टेशनवर संगप्पा सामान चढवत होता. त्याने कुणावर राग धरलेला दिसत नव्हता. मुंबईत दोन दिवस राहून कापडबाजार बघून येईन, असं तो कधीपासून म्हणत होता, आणि दुकान सोडून त्याला ते जमत नव्हतं. चनमल्लप्पा खिडकीशी उभे राहिले. पार्वतम्माने परवाना काढून पदराने पुन्हा पुसला. फोटोवरचं कुंकू फिकट झालं होतं, पण पुरतं जात नव्हतं.

"तिथल्या साहेबाने हटकलं तर?"

तिने आपल्या कपाळाला बोट लावलं. "त्याला म्हणेन, ताडून बघ. जुळतंय."

चनमल्लप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी लग्नसराई संपली की येऊन जाईन म्हणतो."

"तुम्हाला आता पाहुण्याचा व्हिसा काढावा लागेल."

"पाहुणाच बरा," ते म्हणाले. "पाहुण्याला बर्फ उपसायला लावत नाहीत."

"नाही लावत. पण पाहुण्याने कधी निघायचं हे तेच ठरवतात."

"ते तर आणखी बरं."

गाडी हलली. चनमल्लप्पा दोनतीन डबे बरोबरीने चालले. मग एकदम थांबले, घड्याळ बघितलं, टोपी सारखी केली आणि फलाट संपायच्या आतच माघारी वळून झपाझप जिन्याकडे निघाले.

संगप्पा खिडकीतून वाकून बघत होता. "हे काय, वैनी? अण्णा गेले पण?"

"संध्याकाळची गिऱ्हाइकं असतात," पार्वतम्मा म्हणाली, आणि तिने जेवणाचा डबा उघडला.